दिलेला शिधा परत घेत नाहीत

घाटकोपर
१२ जानेवारी २०२५

तेजल,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, त्यामुळे मुलुंडला तुझ्या दारात हे पडणारच. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुद्दामच नाही लिहिलं.

आठवण येते म्हणून लिहितेय असं समजू नकोस. बातमी द्यायची आहे. दिवाळीआधी शाळा सोडताना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तू म्हणाली होतीस, "ही शाळा दोन वर्षांत बंद पडेल. या डोंगरावरच्या पोरांना इंग्रजी कधीच येणार नाही, आणि श्रुतिका, तू इथेच सडशील." तर त्यातलं पहिलं खरं व्हायची वेळ आली आहे. खूश हो.

शुक्रवारी संस्थेचे सचिव काशीराम काका आले. आल्या आल्या चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे. म्हणाले, "शुभाबाई, जूनपासून सातवीचा वर्ग नाही. सहावीची मुलं खालच्या शाळेत पाठवा. नाहीतरी पालक इंग्लिश मीडियमचे फॉर्म घेऊन फिरतायत." आपल्या शुभाबाई मुख्याध्यापिका असून नुसत्या मान हलवत बसल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, पालक का चाललेत? मुलांना इंग्रजी बोलता येत नाही म्हणून ना? मग माझा एक पाठ बघा. पालकांनाही बसवा. त्यानंतरही ते जातो म्हणाले तर मी स्वतः दाखले लिहून देते."

माझा आवाज चढला होता. तू असतीस तर टेबलाखालून पाय मारला असतास.

काकांनी कपाटातून सहावीचं इंग्रजीचं पुस्तक काढलं, मधेच उघडलं आणि बोट ठेवलं. काउंटेबल आणि अनकाउंटेबल नाउन्स. "हे शिकवा. एक मार्चला, शनिवारी. निम्मे पालक राहतो म्हणाले तर वर्ग राहील."

आता हस पोटभर. व्याकरणाचा हा धडा आला की तू घसा बसल्याचं नाटक करायचीस आणि तास माझ्या गळ्यात मारायचीस. या वेळी गळा माझाच आणि धडाही माझाच. पण मी तो असा शिकवणार आहे की काका तोंडात बोट घालतील.

श्रुतिका


घाटकोपर
९ फेब्रुवारी

तेजल,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. किरण मात्र परवा असल्फ्याला भेटला, त्याच्या मोबाइलच्या दुकानात चार्जर घ्यायला गेले होते. म्हणाला, "पत्र पोचलं गं. दीदीने वाचलं आणि कपाटात ठेवलं." फाडलं नाहीस म्हणजे. तुझा भाऊ आहे, तो खोटं बोलणार नाही. आणखीही काहीतरी सांगत होता तुझ्या नव्या शाळेबद्दल, पण गिऱ्हाईक आलं आणि राहिलं.

इकडे माझी वाट लागली आहे.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर दोन रकाने केले. जे मोजता येतं ते डावीकडे, मोजता येत नाही ते उजवीकडे. मँगो डावीकडे, वॉटर उजवीकडे, सगळं झकास चाललं होतं. मग मी उजवीकडे राइस लिहिलं आणि सिद्धेशने हात वर केला. रत्नप्रभाबाईंचा सिद्धेश, मालवणी, आईसारखाच वाद घालायला तयार. म्हणाला, "बाई, तांदूळ मोजता येतात." मी म्हटलं, नाही येत. तो म्हणाला, "येतात. आई रोज निवडते तेव्हा एकेक वेगळा दिसतो. टाइम लागेल, पण येतात."

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या कागदाच्या पुडीत तांदूळ घेऊन आला आणि मधल्या सुट्टीत बाकावर पसरून खरंच मोजायला बसला. सगळा वर्ग भोवती. प्रांजल आकडे लिहून घेत होती. मी जाऊन ओरडणार होते, पण मीही वाकून बघत राहिले गं. पुस्तकातला नियम या पोराने बाकावर आडवा पाडला होता. आपण मराठीत तांदूळ धुतले म्हणतो, तांदूळ संपले म्हणतो, केस वाढले म्हणतो. आपल्याला ते वेगवेगळेच दिसतात. इंग्रज माणसाला तांदळाचा ढीग दिसतो. यात पोरांची चूक काय?

त्या रात्री जेवण गेलं नाही. तू बरोबर बोलली होतीस की काय, असं वाटायला लागलं. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

मग ठरवलं की मोजता येतं की नाही हा प्रश्नच विचारायचा नाही. दुकान मांडायचं. वर्गात वाण्याचं दुकान. वाण्याकडे जाऊन आपण तांदूळ मोजून मागत नाही, किलोभर मागतो, वाटीभर मागतो. केळी मात्र डझनाने मागतो. म्हणजे इंग्रजीत ज्याच्यासाठी भांडं लागतं, पिशवी लागते, बाटली लागते, ते एका बाजूला. जे हातात घेऊन एक दोन म्हणता येतं, ते दुसऱ्या बाजूला. अ बोल ऑफ राइस. अ बॉटल ऑफ ऑइल. थ्री बनानाज. पोरांनी दोन दिवसांत पकडलं. कारण या सगळ्यांना घरचे रोज दुकानात पिटाळतात, खरेदीत ती माझ्यापेक्षा हुशार आहेत.

घोडं अडलंय ते बोलण्यापाशी. माझ्यासमोर बोलतात, पण शुभाबाई दारात आल्या तरी चिडीचूप. प्रांजलला तर सगळं येतं, पण तिसरं माणूस दिसलं की ओठ शिवल्यासारखे. एक मार्चला तर काका असणार, पालक असणार. मुलं गप्प बसली तर पाठ संपला, वर्गही संपला.

तुझे जुने तक्ते कपाटात सापडले. चांगले काढले होतेस. वापरतेय, विचारत नाहीये.

श्रुतिका


घाटकोपर
२ मार्च, रविवार

अगं तेजल,

बस आधी. पाणी पी. मग वाच.

पाठाच्या आदल्या दिवशी मी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. घाईत होते, तक्ते चिकटवत होते, एका हाताने टाइप केलं. जसाच्या तसा देते: "उद्या शनिवारी प्रत्येकाने घरून तांदूळ, डाळ, साखर, तेल, कांदे, बटाटे जे शक्य असेल ते भांड्यात घालून शाळेत आणावे. पालकांनी स्वतः यावे. श्रुतिकाबाईंसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे."

दुकान मांडायला वाटीवाटीभर सामान येईल, एवढीच माझी कल्पना. पण वस्तीत आधीच कुजबुज होती की वर्ग बंद होणार, बाईंचा पगार थांबला. त्यात हा मेसेज. आता तूच सांग, आपल्याकडे शेजारीपाजारी कच्चं सामान भांड्यात घालून कधी नेतात? कुणाचं काम सुटलं, कुणाच्या घरी चूल थंड पडली, की शिधा नेतात. डोंगरावरच्या सगळ्या बायकांनी एकच अर्थ काढला: श्रुतिकाबाईंच्या घरात खायला नाही, आणि बिचारीने तोंड उघडून मागितलंय.

सकाळी मी वर्गात आले तर जिन्यावर रांग. पाच किलोची तांदळाची पिशवी, तेलाचा पाऊच, कुणाच्या डोक्यावर कांद्याची गोणी. स्टीलचे डबे, पातेली, सगळ्यांवर नावं कोरलेली. रत्नप्रभाबाई पुढे आल्या, माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाईनू, लाज कसली ती? पगार थांबलो ता माका कळला. आमी आसंव ना."

मला काही कळेना. मागून प्रांजलची आजी, सुंदराबाई: "मनाला लावून घेऊ नका, बाई. गिरणी बंद पडली तवा आमच्या सासूनं बी असंच घर चालवलं, लोकांच्या शिध्यावर. ह्यात कमीपणा नाही. पोरं शिकवताय आमची."

माझ्या लक्षात आलं तेव्हा कान लाल झाले. मी ओरडून सांगायला लागले, "अहो, माझा पगार चालू आहे! हे पाठासाठी होतं! शिकवायला! घरी घेऊन जा!" एकीचाही विश्वास बसेना. रत्नप्रभाबाई शेजारणीला म्हणाल्या, "स्वाभिमानी आसा गो ती." आणि जेव्हा एकदाचा विश्वास बसला, तेव्हा वेगळाच पेच. सुंदराबाई म्हणाल्या, "दिलेला शिधा परत घेत नाहीत. घरात वाईट होतं." सगळ्या जणींनी माना डोलावल्या. मी घेणार नाही, त्या परत नेणार नाहीत, आणि जिन्यात सामानाचा डोंगर. नेमके त्याच वेळी काशीराम काका जिना चढून वर आले.

"हे काय? भंडारा आहे का शाळेत?"

तेजल, त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हो काका. आजचा पाठ असाच आहे. हे सगळं शिजवायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. पण इंग्रजीतून." शुभाबाईंनी खुर्ची घट्ट धरली.

खायचं म्हटल्यावर बायका खूश. शिधा परत गेला नाही, कुणाचं वाईट होणार नाही. सुंदराबाईंनी दोन बाप्यांना बुद्धविहारात पिटाळून मोठी शेगडी आणि टोप आणवला. अंगणात मांडामांड झाली. बायका आपापलं भांडं मांडीवर धरून गोल बसल्या. मी मुलांना म्हटलं, "चला, एकेकाने सामान मागून आणा." सिद्धेश थेट आईकडे गेला, "आई, तांदूळ दे."

रत्नप्रभाबाईंनी डबा छातीशी धरला. "इंग्लिशीत माग. मगे देतंय."

सगळ्या हसल्या. सिद्धेश लाजला, इकडेतिकडे बघितलं. आई डबा सोडेना. शेवटी म्हणाला, "प्लीज गिव्ह मी फोर बोल्स ऑफ राइस." तिने मला विचारलं, "बरोबर काय ओ?" मी म्हटलं, अगदी बरोबर. तिने वाटी भरली, आणि अशी ऐटीत भरली की बस. मग काय, सगळ्या बायकांनी तेच धरलं. इंग्रजी ऐकल्याशिवाय कुणी मीठसुद्धा सोडेना. पोरांना माझी भीती होती, काकांची होती, पण आईच्या मांडीवरचा डबा सोडवायचा तर कसली भीती? आयांशी हट्ट करायची त्यांना जन्मापासून सवय. थ्री ओनियन्स. सम सॉल्ट. अ लिटल टर्मरिक. नुसता बाजार भरला अंगणात.

आणि प्रांजल. आजीसमोर उभी, ओठ घट्ट मिटलेले. सुंदराबाईंच्या मांडीवर तुरीच्या डाळीचं पातेलं. आजी पातेलं सोडेना, नात मागेना. बाकीची पोरं हातातल्या वाट्या घेऊन तिच्याकडे बघायला लागली. तिला हाक मारून सोडवावं असं मला वाटलं. मग सुंदराबाई हळूच म्हणाल्या, "बाळा, टोप तापलाय. पाणी आटंल." प्रांजलने डोळे मिटले आणि एका दमात, मोठ्याने म्हणाली, "ग्रँडमदर, हाऊ मच दाल डू वी नीड? देअर आर मेनी पीपल अँड ओन्ली अ लिटल दाल. प्लीज गिव्ह मी ऑल!"

अगं, हे मी शिकवलंच नव्हतं! तिने स्वतः जुळवलं. सुंदराबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी अख्खं पातेलं तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे माझे बाय. सगळं घे." अंगणात टाळ्या पडल्या. मी कांदे चिरायला बसले होते ते बरं झालं, डोळ्यांचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही. तुला सांगते, कांदे नव्हते ते.

काकाही रंगात आले. भुकेचा परिणाम असेल. टोपाजवळ जाऊन मुलांना म्हणाले, "हाऊ मेनी वॉटर?" अख्खा वर्ग एका सुरात किंचाळला, "हाऊ मच!" काका इतके हसले की चष्मा काढून पुसला.

पंगत बसली. खिचडीला मीठ थोडं जास्त झालं होतं, कारण मीठ मागायला चार पोरं गेली आणि चौघांनाही इंग्रजी आलं. जेवणं उरकल्यावर काका उठले, घसा साफ केला, "तर पालकहो, वर्गाबाबत..." एवढंच बोलले. रत्नप्रभाबाई हात धुता धुता म्हणाल्या, "वर्गाबाबत काय? माझो झील खंय जाणा नाय." सुंदराबाई म्हणाल्या, "माझी नात बी नाही." मग तिसरी, मग चौथी. इंग्लिश मीडियमचा फॉर्म भरून ठेवलेली एक जण होती, तिने नवऱ्याला तिथल्या तिथे फोन लावला, "अहो, ते कॅन्सल करा. नाही, विचारत नाहीये, सांगतेय."

निम्मे नाही गं. सगळे. काका बघत राहिले. आपल्याला बोलायला काही उरलं नाही हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनी आणखी थोडी खिचडी वाढून घेतली.

जिंकले मी. ऐकतेयस ना? जिंकले!

श्रुतिका


घाटकोपर
२० एप्रिल

प्रिय तेजल,

हो, लिहिलं. राहू दे.

संस्थेचं पत्र आलं. सातवी राहणार. इतकंच नाही, खालच्या वस्तीतले पालक चौकशी करून जातायत, त्यामुळे पाचवी ते सातवीच्या इंग्रजीसाठी आणखी एक शिक्षक घ्यायचा ठराव झालाय. शुभाबाई आता मान हलवत नाहीत, मान ताठ ठेवून बोलतात. कालच कुणाला तरी फोनवर सांगत होत्या की पाठाची कल्पना मूळ त्यांची. आनंद एवढा आहे की थोडा त्यांनीही नेला तरी चालेल.

डोंगरावर मी आता मोठी बाई आहे. भाजीवाला मला बघून "हाऊ मच? हाऊ मेनी?" करतो. चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवर प्रांजलने चार ओळी इंग्रजीत बोलून दाखवल्या, माईक हातात, समोर अख्खी वस्ती. सुंदराबाई खाली पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, कळायची गरज नाही, आवाज बघ पोरीचा.

आता मुद्द्यावर येते. किरण परत भेटला. त्या दिवशी राहिलेलं त्याने सांगितलं. तुझ्या त्या चकचकीत शाळेत तुला वर्ग दिलेला नाही. उच्चार पालकांना पसंत पडत नाहीत म्हणून तुला ऑफिसात बसवतात आणि कुणी रजेवर असलं की मुलांवर नजर ठेवायला पाठवतात. तुला. जी पाचवीच्या वर्गात टेबलावर चढून प्रेपोझिशन्स शिकवायची तिला. मी हे ऐकलं आणि दुकानातच अशी भडकले की किरणने माझ्यापुढे पाणी ठेवलं. तू मला सडशील म्हणालीस याचा राग मला सहा महिने होता. तो कुठे गेला कळलं नाही, त्या लोकांचा राग आला फक्त.

तर जागा एक आहे. सोळा मेला मुलाखती. काकांनी अट घातलीय की उमेदवाराने पालकांसमोर पाठ घ्यायचा, आणि निवड समितीत आया बसणार. रत्नप्रभाबाईंनी आधीच विचारून ठेवलंय, "ती तेजलबाई येता काय? तिका आमी अवघड विचारतलंव." जाताना काय बोलून गेलीस ते डोंगरावर सगळ्यांना माहीत आहे. सोडणार नाहीत तुला. आणि घेतील तुलाच, हे मी आत्ता लिहून देते, कारण तुझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही आणि हे त्यांनाही माहीत आहे. माझा त्या समितीत आवाज नाही. असता तरी वापरला नसता, तू स्वतः मिळवलेलं तुला आवडतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. त्या शनिवारी जिन्यावर जेव्हा रांग बघितली, आपल्या घरात काही नाही असं समजून बायका आपल्यासाठी पिशव्या घेऊन आल्यात हे कळलं, तेव्हा आधी लाज वाटली, आणि लगेच मी त्या रांगेत तुझं तोंड शोधायला लागले. वरपासून खालपर्यंत शोधलं. एवढी माणसं माझ्यासाठी उभी होती आणि त्यात तू नव्हतीस. जिंकले खरी, पण तेवढं एक मला अजून पचलेलं नाही.

सोळा मे, सकाळी दहा. ये.

तुझी
श्रुतिका